'अंगावर काटा आला' की 'काटे आले'? एका शब्दाची चौकशी

मुद्रितवाचक

एका कथासंग्रहाची दुसरी मुद्रिते तपासण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. त्यातील एका कथेत विहिरीत डोकावणाऱ्या बाईविषयी 'तिच्या अंगावर सर्रकन काटा आला' असे वाक्य आहे. माझ्या आधी ती पाने वाचलेल्या तरुण सहकाऱ्याने 'काटा आला' या शब्दांखाली लाल रेघ ओढून समासात 'काटे आले' अशी दुरुस्ती सुचवली होती आणि शेजारी बारीक अक्षरात कारणही दिले होते: 'एकच काटा कसा येईल?' मी ती दुरुस्ती खोडली, 'मूळ पाठ कायम' असे लिहिले आणि पुढच्या पानाकडे वळलो. दुपारी मात्र तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला आणि त्याने अत्यंत नम्रपणे विचारणा केली, तेव्हा 'मराठीत असेच म्हणतात' यापलीकडे मला काही सांगता आले नाही. दुसऱ्यांची वाक्ये दुरुस्त करून पोट भरणाऱ्या माणसाला हे उत्तर शोभत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

एकवचनाचा प्रश्न तर आहेच, पण त्याच्याही आधी मला हे जाणून घ्यायचे आहे की हा काटा म्हणजे बाभळीचा काटाच, की उच्चाराने तसाच वाटणारा एखादा दुसरा शब्द. शिवाय याच अनुभवासाठी आपण शहारा म्हणतो, रोमांच म्हणतो. हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरता येतात, असे मला तरी वाटत नाही. थंड पाण्याचा पहिला तांब्या अंगावर घेतल्यावर येतो तो काटा. त्या क्षणी 'मला रोमांच आले' असे म्हणणारा मनुष्य मी अजून पाहिलेला नाही. जाणकारांनी लिहावे.

अभ्यागत

माझ्या समजुतीप्रमाणे हा तराजूचा काटा असावा. पारड्यांतील वजन कमीजास्त असताना काटा एका बाजूला कललेला असतो आणि वजन बरोबर झाले की तो सरळ उभा राहतो. अंगावरील केसही एरवी कलते असतात आणि भीतीच्या प्रसंगी उभे राहतात. 'काटा उभा राहिला' हा वाक्प्रचार त्यामुळे तराजूवरून आला असावा आणि एकवचनाचा खुलासाही त्यातच मिळतो, कारण तराजूला काटा एकच असतो.

पाणिनीचा शेजारी

अभ्यागत यांची कल्पना सुरेख आहे, परंतु ती टिकणार नाही, कारण हा अर्थ मराठी भाषा जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून या शब्दाला चिकटलेला आहे. मराठीतील काटा हा संस्कृत 'कण्टक' या शब्दापासून प्राकृतातील 'कंटअ' या रूपाच्या वाटेने आला. व्यंजनाआधीचे अनुनासिक क्षीण झाले, की त्याआधीचा स्वर दीर्घ होतो, हे मराठीच्या घडणीतील नेहमीचे वळण आहे. दन्तचा दात झाला तो याच रीतीने. जुन्या छापील पुस्तकांत 'कांटा' असे अनुस्वारासह लिहिलेले आढळते, ती या प्रवासाचीच खूण होय. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी व्युत्पत्तीने येणारे अनुच्चारित अनुस्वार लेखनातून काढून टाकले आणि ती खूण दिसेनाशी झाली.

आता मुख्य मुद्दा. संस्कृतातील 'कण्टक' याचा अर्थ झाडाचा काटा एवढाच नाही. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाच्या नानार्थवर्गात, म्हणजे अनेकार्थी शब्दांच्या विभागात, या शब्दाचे जे अर्थ नोंदवले आहेत, त्यांत सुईचे टोक आहे, क्षुद्र शत्रू आहे आणि रोमहर्षही आहे. म्हणजे अंगावर येणारा काटा ही कोशात दाखल झालेली, रुळलेली गोष्ट होती. कालिदासाने तर तिचा फार नेमका उपयोग केला आहे. रघुवंशाच्या सातव्या सर्गात अज आणि इंदुमती यांच्या पाणिग्रहणाचे वर्णन आहे. तेथे वर 'कण्टकितप्रकोष्ठः' झाला आणि वधूच्या बोटांना घाम फुटला, असे तो सांगतो. प्रकोष्ठ म्हणजे मनगटापासून कोपरापर्यंतचा हात. ज्याने स्वतःच्या हातावर काटा येताना निरखून पाहिले आहे, त्यालाच हा अवयव सुचेल.

जाता जाता एक गंमत सांगतो, थोडे विषयांतर होईल. कुमारसंभवाच्याही सातव्याच सर्गात शिव आणि उमा यांचे पाणिग्रहण आहे, श्लोकाची घडणही जवळजवळ तीच आहे, पण तेथे घाम शिवाच्या बोटांना फुटतो आणि रोमांच उमेच्या अंगावर येतात. कवीने दोन लग्नांत दोन प्रतिक्रियांची अदलाबदल केली आहे. ती त्याने मुद्दाम केली की सहज, यावर आपण येथे भांडू नये. परंतु या शारीर खुणा त्याच्या दृष्टीने स्त्रीच्या किंवा पुरुषाच्या वाट्याला वाटून दिलेल्या नव्हत्या, एवढे त्यावरून नक्कीच दिसते.

तराजूच्या आणि घड्याळाच्या काट्याविषयी म्हणाल, तर टोकदार आकारामुळे त्यांनाच झाडाच्या काट्याचे नाव मिळाले आहे. तेव्हा अंगावरचा काटा तराजूकडून आलेला नाही. दोघेही एकाच झुडपाचे आहेत.

अभ्यागत

मान्य. माझा काटा एका बाजूला झुकला होता, तो आपण सरळ केलात.

पूर्वेकडचा

नोकरीच्या निमित्ताने मी अनेक वर्षे बंगालीभाषकांत राहिलो. अंगावर काटा येण्याला ते 'गाये काँटा देओआ' असे म्हणतात. गा म्हणजे अंग आणि काँटा म्हणजे काटाच. मराठी आणि बंगाली या देशाच्या दोन टोकांना बोलल्या जाणाऱ्या भाषा आहेत आणि त्यांनी एकमेकींकडून हा वाक्प्रचार उसना घेण्याचे काही कारण दिसत नाही. मधल्या हिंदीत 'रोंगटे खडे होना' आहे आणि गुजरातीत 'रूंवाडां ऊभां थवां' आहे, म्हणजे तेथे उभे राहतात ते केस. दोन टोकांनी कण्टकाची आठवण जपली, असे पाणिनीचा शेजारी यांच्या माहितीवरून म्हणता येईल.

भारताबाहेर पाहिले तर चित्र अगदीच निराळे आहे. इंग्रजांना आणि जर्मनांना पिसे उपटलेला हंस आठवतो, फ्रेंच आणि स्पॅनिश लोकांना कोंबडी आठवते, जपानीत या अवस्थेला 'तोरिहादा' म्हणजे पक्ष्याची त्वचा म्हणतात आणि चिनी भाषेत कोंबडीच्या कातडीवरचे फोड म्हणतात. म्हणजे जगाचा मोठा भाग या प्रसंगी सोललेल्या पाखराकडे पाहतो आणि आपण काटेरी झाडाकडे पाहतो.

त्वचेखाली

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. व्युत्पत्तीत मला गती नाही, पण शब्द किती अचूक आहे ते सांगू शकेन.

आपल्या अंगावरील प्रत्येक केस त्वचेत तिरका रुजलेला असतो. त्याच्या मुळाशी एक अतिशय बारीक स्नायू असतो. 'अरेक्टर पिली' हे त्याचे लॅटिन नाव, म्हणजे केस उभारणारा. त्याचे एक टोक केसाच्या मुळाला खालच्या बाजूने जोडलेले असते आणि दुसरे टोक त्वचेच्या वरच्या थरात रोवलेले असते. तो आखडला की केसाचे मूळ ओढले जाऊन केस ताठ होतो, मुळाभोवतालची त्वचा वर उचलली जाते आणि स्नायू जेथे वर जोडलेला असतो तेथे बारीकसा खळगा पडतो. खोलीतील दिवे मालवून हातावर एका बाजूने विजेरीचा झोत आडवा टाकला, तर प्रत्येक उंचवट्याची चिमुकली सावली पडलेली दिसते आणि प्रत्येक उंचवट्याच्या माथ्यावर एक केस असतो. केस काढून टाकलेल्या हातावरही हे उंचवटे येतातच, कारण वस्तरा केस कापतो, स्नायू कापत नाही. तळहातावर आणि तळपायावर केस नाहीत, म्हणून तेथे काटाही येत नाही.

हा स्नायू आपल्या इच्छेला जुमानत नाही. हृदयाचे ठोके वाढवणारी आणि घाम फोडणारी जी अनुकंपी चेतासंस्था, तिच्या ताब्यात तो असतो. म्हणूनच थंडी आणि भीती या दोन इतक्या वेगळ्या कारणांचा परिणाम त्वचेवर एकसारखा दिसतो. अंगभर दाट केस असलेल्या प्राण्यांना याचे दोन फायदे होतात. केस उभे राहिल्याने त्यांच्यात हवा अडकून ऊब टिकते आणि प्राणी आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. कुत्र्यासमोर कमान करून उभी राहिलेली मांजर आठवून पाहा. राग आणि भीती यांमुळे प्राण्यांचे केस कसे उभारतात, याविषयी डार्विनने 1872 साली प्रसिद्ध केलेल्या, भावनांच्या आविष्कारावरील ग्रंथात तपशिलाने लिहिले आहे. माणसाच्या अंगावर आता विरळ लव उरली आहे, त्यामुळे ऊबही मिळत नाही आणि समोरचा घाबरतही नाही. मात्र हा स्नायू अगदीच निरुपयोगी समजू नये. तो आणि त्याच्यासोबतची चेता मिळून केसाच्या मुळाशी असलेल्या मूलपेशींना नव्या केसाच्या वाढीसाठी जागे करतात, असे 2020 साली उंदरांवर झालेल्या संशोधनात दिसून आले.

आता काट्याविषयी. साळिंदराच्या अंगावरचे काटे आपण सर्वांनी निदान चित्रात तरी पाहिले असतील. ते काटे म्हणजे केसच आहेत, जाड आणि टणक झालेले. ज्या केराटिनचे आपले केस आणि नखे बनतात, त्याचेच ते बनलेले असतात. घाबरलेले साळिंदर ते ताठ उभे करते, ते त्वचेतील स्नायूंच्याच जोरावर. केसाला काटा म्हणणे ही तुम्हाला उपमा वाटत असेल, पण एका प्राण्याच्या बाबतीत तरी ती शब्दशः खरी आहे.

मुद्रितवाचक

साळिंदराने माझी दुपार सार्थकी लावली. सहकाऱ्याला हा परिच्छेद वाचून दाखवला, तर तो लगेच म्हणाला, 'पण साळिंदराला काटे अनेक असतात.' त्याचा मुद्दा तो सोडायला तयार नाही आणि खरे सांगायचे तर मलाही तो सोडावासा वाटत नाही.

एकवचनी

आपल्या सहकाऱ्याचा गोंधळ स्वाभाविक आहे, परंतु मराठीत 'काटा' हा शब्द एका नगाचा वाचक असतो तसाच समूहाचाही वाचक असतो. 'या माशाला काटा फार आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा त्या माशात एकच मोठा काटा आहे, असे कोणालाही वाटत नाही. 'बाभळीला काटा असतो' हे वाक्यही तसेच. याउलट 'माझ्या पायात काटा मोडला' म्हटले, की तो एकच असतो आणि 'दोन काटे मोडले' असे अनेकवचनही सहज करता येते. म्हणजे मोजता येणारा काटा वेगळा आणि वस्तूच्या अंगी असलेला, न मोजायचा काटा वेगळा.

अंगावरचा काटा या दुसऱ्या जातीचा आहे. त्याची सोबत घाम, कोंडा, लव, पुरळ या शब्दांशी आहे. अंगावर लव असते, लवी नसतात; डोक्यात कोंडा होतो, कोंडे होत नाहीत. शरीरावर एकदम आणि सर्वत्र उमटणाऱ्या गोष्टीची मराठी गणती करत बसत नाही, तिला एक पसरलेला पदार्थ मानते. 'अंगावर काटे आले' असे लिहिले, तर माझ्या डोळ्यांसमोर निवडुंग उभा राहतो. क्रियापदेही पाहावीत. हा काटा येतो, उभा राहतो, कधी फुलतो. टोचत मात्र नाही, रुतत नाही आणि काढताही येत नाही. वस्तूपणाची सगळी क्रियापदे त्याने टाकून दिली आहेत, मग वस्तूचे अनेकवचन तेवढे त्याने का बाळगावे?

आणखी एक सुचले. वर 'लव' हा शब्द आला, तोही या चर्चेतलाच आहे. संस्कृतातील रोम आणि लोम ही एकाच शब्दाची दोन रूपे. ग्रामचे गाव झाले, नामचे नाव झाले, त्याच वाटेने लोमाची लव झाली. म्हणजे रोमांचातील रोम आणि हातावरची लव ही एकाच घरातली.

पाणिनीचा शेजारी

एकवचनी यांच्या निवडुंगाला माझे अनुमोदन, पण त्याऐवजी मी फणस सुचवीन. बाभळीचा काटा लांब आणि तीक्ष्ण असतो, शहारलेल्या कातडीशी त्याचे साम्य फारसे नाही. फणसाच्या सालीवरची दाट, बोथट, एकसारखी खडबड पाहा. ती खरी अंगावरच्या काट्यासारखी दिसते. फणसाला संस्कृतात 'कण्टकिफल' असेही नाव आहे आणि हिंदीतील कटहल हा शब्दही कण्टफलापासून आला आहे. जुन्या कवींना मात्र फणस सुचला नाही. त्यांना कदंब सुचला. कदंबाचे फूल म्हणजे चेंडूसारखा गोल आणि त्यातून सर्व बाजूंनी ताठ बाहेर आलेले केसर. कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गात पार्वतीच्या अंगांना फुलू लागलेल्या कोवळ्या कदंबाची उपमा आहे. भवभूतीने उत्तररामचरिताच्या तिसऱ्या अंकात तीच उपमा आणखी पुढे नेली. प्रियस्पर्शाने सीतेला घाम आला, रोमांच आले आणि कंप सुटला, तेव्हा ती कशी दिसली? वाऱ्याने हलवलेली, नव्या पावसाने भिजलेली आणि कळ्या फुटलेली कदंबाची फांदी जणू. कंपाला वारा, घामाला पाऊस आणि रोमांचांना कळ्या. तिन्ही प्रतिक्रियांचा हिशेब एका फांदीत चुकता केला आहे.

हर्षाचा शोध

रोमांच या शब्दाबद्दल अद्याप कोणी सविस्तर लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. त्याची फोड रोम अधिक अञ्च अशी आहे. अञ्च् या धातूत वळण्याचा, वाकण्याचा अर्थ आहे. मला मात्र रोमांचापेक्षा त्याचा सोबती 'रोमहर्ष' हा शब्द अधिक बोलका वाटतो, कारण त्यात एक फार जुना इतिहास दडलेला आहे.

हर्ष म्हणजे आनंद, असे आपण शाळेपासून शिकत आलो आहोत. मग रोमहर्ष म्हणजे रोमांना झालेला आनंद काय? तसे नाही. हृष् या धातूचा जुना अर्थ ताठ होणे, उभारणे असा आहे. केस ताठ होतात म्हणून रोमहर्ष. आणि ज्या उत्तेजनाने ते ताठ होतात, त्या उत्तेजनाला पुढे हर्ष हे नाव मिळाले. म्हणजे आनंदाचा हा शब्दच मुळात कातडीवरून मनात गेला.

याच मूळ धातूचे लॅटिन भावंड म्हणजे 'होरेरे', ज्याचा अर्थ काट्यासारखे ताठ उभे राहणे. त्यापासून आला तो 'हॉरर' हा शब्द, जो आज भयपटांच्या जाहिरातींत आपण देवनागरीतही वाचतो. मूळ एकच, अनुभव एकच, त्वचेवर उठलेले उंचवटेही तेच. पण संस्कृताने त्यातून आनंद उचलला आणि लॅटिनने भीती उचलली. त्वचेखाली यांनी सांगितलेच आहे की स्नायूला कारण ओळखता येत नाही. मग भाषांनी तरी एकच कारण का निवडावे?

गीतेत हा शब्द तीन ठिकाणी येतो आणि तिन्ही ठिकाणी त्याचा रंग वेगळा आहे. पहिल्या अध्यायात अर्जुन 'वेपथुश्च शरीरे मे रोमहर्षश्च जायते' म्हणतो, तेव्हा तो खचलेला आहे. अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहून तो 'हृष्टरोमा' होतो, तेव्हा तो विस्मयाने भारलेला आहे. अठराव्या अध्यायात संजय या संवादाला 'अद्भुतं रोमहर्षणम्' म्हणतो, तो श्रोत्याच्या नात्याने. पुराणे सांगणाऱ्या सूताचे नावही रोमहर्षण किंवा लोमहर्षण, कारण त्याचे कथन ऐकून श्रोत्यांच्या अंगावरील केस उभे राहत. वक्त्याला श्रोत्यांकडून याहून मोठी पावती मिळाल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

अभ्यागत

मी पुन्हा एकदा धीर करून विचारतो. रोमांच आणि रोमान्स यांचा काही संबंध आहे का? 'रोमँटिक' या अर्थाने 'रोमांचक' असे लिहिलेले मी अलीकडे वाचले आहे.

हर्षाचा शोध

काहीही संबंध नाही. रोमान्स हा शब्द रोम या शहराच्या नावाशी जोडलेला आहे; लॅटिनऐवजी लोकभाषेत लिहिलेल्या कथांना जुन्या फ्रेंचमध्ये तसे नाव होते. एकात इटलीतले रोम आहे आणि दुसऱ्यात हातावरचे.

विंगेतला

मी हौशी नट आहे आणि मला या चर्चेत एक व्यावसायिक अडचण मांडायची आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव, म्हणजे भावनेच्या शरीरावर उमटणाऱ्या खुणा, सांगितल्या आहेत: स्तंभ (ताठरणे), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभेद, वेपथु (कंप), वैवर्ण्य (रंग उडणे), अश्रू आणि प्रलय (शुद्ध हरपणे). आपल्याकडे कोणी फारच भारावून गेले, की 'अष्टसात्त्विक भाव दाटून आले' असे थोडे चेष्टेने म्हणतात, ते येथूनच. या आठांपैकी कंप नटाला आणता येतो, आवाज कापरा करता येतो, सरावाने डोळ्यांत पाणीही आणता येते. पण काटा आणायचा कसा? नाट्यशास्त्राने रोमांचाची कारणे सांगितली आहेत ती स्पर्श, भय, थंडी, हर्ष, क्रोध आणि रोग अशी. डॉक्टरांनी आज जे सांगितले, त्याच्याशी ही यादी किती जुळते पाहा. अभिनयाच्या बाबतीत मात्र शास्त्र असे सांगते की अंग वारंवार कंटकित झाल्यासारखे दाखवावे आणि आपल्याच अंगाला हात लावावा. म्हणजे काटा आलेला प्रेक्षकाला दिसणार नाही, हे शास्त्रकाराला पक्के ठाऊक होते. नटाचा हात दंडावरून फिरला, की प्रेक्षक तो काटा मनाने पाहतो. येथेही रोमांच समजावून सांगताना 'कंटकित' हाच शब्द कामी आला आहे, हे मुद्रितवाचक यांनी टिपून ठेवावे.

मराठीत या अवस्थेचे सर्वांत सुंदर वर्णन माझ्या मते ज्ञानेश्वरीत, नवव्या अध्यायाच्या अखेरीस आहे. संजय कृष्णार्जुनांचा संवाद सांगता सांगता स्वतःच विरघळतो, त्या ठिकाणी 'आपाद कंचुकित । रोमांच आले' असे शब्द आहेत. कंचुक म्हणजे चोळी, अंगरखा. डोक्यापासून पायापर्यंत रोमांचांचा अंगरखाच चढला. 1290 मध्ये लिहिल्या गेलेल्या या ओळीत रोमांच एकेक मोजलेले नाहीत. ते एक सलग वस्त्र झाले आहे. एकवचनी यांचा सिद्धांत ज्ञानेश्वरांना मान्य असावा.

एकवचनी

इतका मोठा साक्षीदार मी मागितला नव्हता, पण आला आहे तर परत पाठवणार नाही.

शिरशिरी

सर्वांनी काटा आणि रोमांच यांचेच कौतुक केले, शहाऱ्याकडे कोणी पाहिले नाही. तो काही या दोघांचा प्रतिशब्द नाही. क्रियापदांवरून भेद स्पष्ट होतो. काटा उभा राहतो; शहारा जातो. 'पाठीच्या कण्यातून शहारा गेला' असे आपण म्हणतो, 'काटा गेला' असे म्हणत नाही. काटा ही त्वचेवरची स्थिती आहे, शहारा ही शरीरातून धावणारी हालचाल आहे. काटा दुसऱ्याला दिसतो आणि आपण 'बघ, बघ' म्हणून हात पुढे करतो. शहारा ज्याचा त्याला कळतो. शहाऱ्याचे क्रियापदही सिद्ध आहे: मनुष्य शहारतो, पाणी शहारते, वाऱ्याच्या झुळुकीने पानही शहारते. काट्याला असे क्रियापद मिळालेले नाही. हिंदीतील सिहरन आणि बंगालीतील शिहरण यांतही हीच थरथर ऐकू येते.

मुद्रितवाचक यांनी सुरुवातीला थंड पाण्याचा दाखला दिला, त्याला मी थोडी हरकत घेईन. थंड पाण्याने आधी शहारा येतो आणि त्याच्या मागोमाग काटा येतो. सावकाश न्हाणाऱ्या माणसाला हा क्रम कळतो. रोमांच मात्र थंडीने येत नाहीत, हे त्यांचे म्हणणे आजच्या मराठीपुरते खरे आहे. नाट्यशास्त्राच्या काळी ते थंडीनेही येत, रोगानेही येत. आजचा रोमांच कातडी सोडून पूर्णपणे मनात राहायला गेला आहे. क्रिकेटचा सामना रोमहर्षक असतो, प्रवास रोमांचक असतो आणि दोन्हींत एकाही केसाला उभे राहण्याची गरज पडत नाही. संस्कृत शब्द असे वर चढत गेले आणि शरीराचे काम काट्याने सांभाळले. म्हणून आजही भूत दिसो, गाणे ऐकू येवो किंवा पाटीवर खडू करकरो, तिन्ही वेळी मराठी माणूस काटाच आला असे म्हणतो.

पाणिनीचा शेजारी

शिरशिरी यांचा भेद मान्य, फक्त 'पूर्णपणे' या शब्दाला माझी हरकत आहे. कीर्तनात आणि भक्तिपर लेखनात रोमांच अजूनही अंगावरच उभे राहतात.

शिरशिरी

'बहुतांशी' असे वाचावे.

मुद्रितवाचक

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी हा संपूर्ण धागा मी सहकाऱ्याला वाचायला दिला. माशाच्या काट्यापाशी तो थांबला, स्वतःशीच हसला आणि त्याने आपली दुरुस्ती स्वतःच्या हाताने खोडली. 'कंचुकित' हा शब्द त्याने वहीत उतरवून घेतला आहे. तो आता कोठे वापरतो याची मला थोडी धास्ती वाटते.

मात्र प्रकरण तेवढ्यावर मिटलेले नाही. पुढच्याच पानावर, विहिरीतून हात वर येतो त्या प्रसंगात, लेखिकेने 'तिच्या मनगटावर शहारा उभा राहिला' असे लिहिले आहे. चार दिवसांपूर्वी मी हे वाक्य डोळ्यांखालून घातले होते आणि मला त्यात काहीच खटकले नव्हते. या वेळी आम्ही दोघांनी मिळून समासात प्रश्नचिन्ह घातले आणि ते पान लेखिकेकडे पाठवले.